लिनक्सवर दुसऱ्या हार्ड डिस्कवरचे गेम सुरूच होत नाहीत – चवथीच्या आत सुटेल का?

खांडेपारकर
नमस्कार मंडळी. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून 'बघू, बघू' करत आठ महिने काढले आणि जूनमधला सांजावचा सण झाल्यावर एकदाचं लिनक्स मिंट टाकलं. मशीन जुनंच आहे. २५६ जीबीची एसएसडी आहे, तिच्यावर मिंट. दुसरी १ टीबीची साधी फिरणारी हार्ड डिस्क, २०१७ साली घेतलेली, तिच्यावर विंडोजच्या काळातले स्टीमचे सगळे गेम. साधारण ३८० जीबी.

एक व्हिडिओ बघून /एमएनटी/गेम्स असं फोल्डर केलं, त्याला ७७७ (सगळ्यांना सगळं करायची) परवानगी दिली आणि माउंटची कमांड मारून डिस्क तिथे बसवली. स्टीममध्ये लायब्ररी म्हणून जोडली, गेम दिसायला लागले. इथपर्यंत सगळं सुशेगाद.

आता दुखणी. 'प्ले' दाबलं की बटण निळं होतं, पाच सेकंद विचार करतं आणि परत हिरवं. एरर नाही, आवाज नाही, काही नाही. दुसरं म्हणजे पीसी बंद करून चालू केला की लायब्ररी रिकामी. परत कमांड मारली की भरते. आणि परवा तर कहर झाला. संध्याकाळी लाईट गेली, आली, पीसी चालू केला, एक गेम डाउनलोडला लावला आणि झोपलो. सकाळी मिंट म्हणतं की रूटवर, म्हणजे एसएसडीवर, जागा संपली. अरे, गेम तर दुसऱ्या डिस्कवर उतरत होता ना?

चवथीला मुंबईहून चुलतभाऊ येतो. दोघांनी बसून खेळायचं ठरलंय. तोवर हे सुटायला हवं.

(कमांडी सगळ्या मराठी अक्षरांत लिहिल्यात, समजून घ्या.)

बिनधास्त म्हापशेकर
चवथीला घरी बसून गेम? गणपतीवरची फळांची माटोळी कोण बांधणार?

खांडेपारकर
माटोळी बाबा बांधतात. मी शिडी धरतो.

टर्मिनलतात्या
राजा, तुझी तीन दुखणी वेगवेगळी आहेत, पण तिन्हीची नाळ एकाच जागी पुरलेली आहे.

आधी तिसरं घेऊ, ते सोपं. /एमएनटी/गेम्स हे एक साधं फोल्डर आहे आणि ते एसएसडीवर आहे. डिस्क त्यावर 'माउंट' केलीस की डिस्क त्या दारातून दिसते. लाईट गेली, मशीन नव्याने सुरू झालं, तू कमांड मारली नाहीस. म्हणजे दार आहे पण मागे डिस्क नाही. स्टीमला काय कळणार? त्याला फोल्डर दिसलं, त्यात लिहायची परवानगीही होती, कारण ७७७ तू स्वतःच्या हाताने दिलं होतंस. त्याने तिथेच ओतलं. म्हणजे एसएसडीत.

आता डिस्क काढ (यूमाउंट), मग त्या फोल्डरमध्ये डोकावून बघ. अर्धवट उतरलेला गेम तिथेच पडलेला असेल. तो उडव. जागा परत मिळेल. पण उडवण्याआधी डिस्क खरंच निघाली आहे ना ते दोनदा बघ, नाहीतर ३८० जीबी हातचे जातील.

खांडेपारकर
तात्या, सापडलं! ६१ जीबी तिथे लपून बसले होते. फाइल मॅनेजरमध्ये शोधून शोधून थकलो होतो, कारण डिस्क बसवली की ते दिसतच नव्हते.

टर्मिनलतात्या
बरोबर, वर डिस्क येऊन बसली की खालचं झाकलं जातं. पुन्हा असं होऊ नये म्हणून एक जुनी युक्ती: डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला 'चॅटर प्लस आय' लाव, सूडोसकट (म्हणजे सिस्टीमच्या मुख्य खात्याच्या, रूटच्या, अधिकाराने). मग फोल्डर गोठतं, त्यात रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही. डिस्क बसवायला मात्र काही अडचण येत नाही. उद्या माउंट झालं नाही तर स्टीम तक्रार करेल, गुपचूप एसएसडी भरणार नाही.

अंत्रुज
मुळात एनटीएफएसवर गेम ठेवायचेच कशाला? फॉरमॅट मारा, लिनक्सची ईएक्सटी४ करा, विषय संपला. विंडोजची फाइल सिस्टीम लिनक्सला लावायची म्हणजे नावेला बैल जुंपण्यातला प्रकार.

खांडेपारकर
अंत्रुजबाब, ३८० जीबी परत उतरवून देणार आहात का तुम्ही? आमच्याकडे ४० एमबीपीएस. हिशेब केला, एकही खंड पडला नाही तर २१ तास. आणि जुलैमध्ये खंड न पडता २१ तास म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

दोडामार्ग डायरीज
अंत्रुज यांच्याशी असहमत. सगळ्यांना फॉरमॅट परवडत नाही. माझ्याकडे अजून ड्युअल बूट आहे (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स), दोन वर्षं एकच एनटीएफएस डिस्क दोन्हीकडून वापरतोय. पण तीन गोष्टी पाळाव्या लागतात.

पहिली, विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' बंद. ते चालू असलं की विंडोज 'शट डाउन' म्हणतं पण खरं अर्धवट झोपी जातं, डिस्कचा ताबा सोडत नाही. मग लिनक्स ती नुसती वाचू देतं, लिहू देत नाही. दुसरी, माउंट करताना 'यूआयडी=१०००' आणि 'जीआयडी=१०००' (आपला आणि आपल्या गटाचा ओळख-आकडा) द्यायचं. तिसरी, 'कॉम्पॅटडेटा' फोल्डर डिस्कवर ठेवायचं नाही. ते आपल्या होममध्ये करायचं आणि डिस्कवरच्या स्टीमअ‍ॅप्समध्ये त्याची सिमलिंक, म्हणजे तिकडे नेणारी नुसती वाट, ठेवायची.

खांडेपारकर
दुसरी आणि तिसरी कळली नाही. ७७७ दिलंय म्हणजे सगळ्यांना सगळी परवानगी ना? मग यूआयडी कशाला?

माटोळी
बिनधास्त, वर माझं नाव घेतलंस म्हणून आले. मी कुणी बांधायची वस्तू नाही हो.

खांडेपारकर, तुझ्या पहिल्या दुखण्याचं मूळ बहुतेक इथेच आहे. विंडोजचे गेम लिनक्सवर प्रोटॉनमधून चालतात (स्टीमवाल्या व्हॉल्वने ते २०१८ मध्ये आणलं) आणि प्रोटॉनच्या पोटात वाइन आहे, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं. प्रत्येक गेमसाठी ते 'कॉम्पॅटडेटा'त एक खोटं सी ड्राइव्ह तयार करतं. ते करण्याआधी वाइन बघतं की हे फोल्डर कुणाच्या *मालकीचं* आहे. परवानगी बघत नाही, मालकी बघतं. तू सूडोने माउंट केलीस म्हणून डिस्कवरच्या सगळ्या फाइल्स रूटच्या नावावर आहेत. वाइन म्हणतं, हे तुझं नाही, मी इथे काही करणार नाही. आणि गप्प बसतं.

गोंयच्या भाषेत सांगायचं तर ७७७ म्हणजे मुंडकाराला (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला) भाटकाराने (जमीनमालकाने) दिलेली मोकळीक. राहा, आंबे काढ, विहिरीचं पाणी घे. पण बँकेत कर्ज मागायला गेलास की ती जमिनीचा एक-चौदाचा उतारा मागते. त्यावर नाव भाटकाराचं.

खात्री करायची तर स्टीम बंद कर, टर्मिनलमधून 'स्टीम' असं टाइप करून सुरू कर आणि गेम चालव. टर्मिनलमध्ये जे वाहून जातं त्यात 'नॉट ओन्ड बाय यू' शोध.

बिनधास्त म्हापशेकर
एक-चौदावर लिनक्स समजावणारी पहिली बाई!

खांडेपारकर
आहे!! तसंच्या तसं आहे, 'पीएफएक्स' या त्या खोट्या ड्राइव्हच्या फोल्डरच्या नावासकट. तीन आठवडे मी ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या देत होतो.

सीताफळ
मग 'चोन' करून मालकी बदलून टाक की. सूडो चोन, मायनस आर, आणि आपलं नाव.

बिनधास्त म्हापशेकर
चावून?

दोडामार्ग डायरीज
सीताफळ, एनटीएफएसवर असं माउंट केलेलं असताना चोनचा उपयोग नाही. तिथे मालक कोण ते माउंट करतानाच ठरतं, म्हणून तर यूआयडी द्यायचं. चोन ईएक्सटी४ वर लागेल.

आणि कॉम्पॅटडेटा वेगळं का, तर त्या खोट्या सी ड्राइव्हमध्ये 'सी:' आणि 'झेड:' अशा नावाच्या लिंका असतात. फाइलच्या नावात विसर्ग... म्हणजे कोलन विंडोजला चालत नाही. लिनक्स एनटीएफएसवर ते लिहून टाकतं, पण पुढच्या वेळी विंडोजने डिस्क तपासली की त्याला ही डिस्क बिघडलेली वाटते आणि ते 'दुरुस्ती' करतं. माझे दोन गेमचे सेव्ह असेच दुरुस्त झाले.

अंत्रुज
म्हणजे तीन पथ्यं, एक सिमलिंक, वर दोन सेव्ह गेले. आणि तरी म्हणायचं फॉरमॅट नको. 🙂

दोडामार्ग डायरीज
अंत्रुज, माझ्याकडे विंडोज अजून आहे, खांडेपारकरकडे नाही. त्याला मीही ईएक्सटी४ च सांगेन. माझा आक्षेप 'विषय संपला' या दोन शब्दांना होता.

पावसाळी बेडूक
मी वाचक, क्वचित लिहितो. डाउनलोड न करता फॉरमॅट करायचं असेल तर: एनटीएफएसचं पार्टिशन (डिस्कचा भाग) जीपार्टेड या प्रोग्रामने आक्रसा, मोकळ्या जागेत ईएक्सटी४ करा, गेम तिकडे हलवा, मग जुनं उडवून ईएक्सटी४ डावीकडे वाढवा. मी केलंय.

माटोळी
बेडूकराव, पहिले तीन टप्पे ठीक. चौथा गोव्यात पावसाळ्यात करू नये. पार्टिशन डावीकडे वाढवायचं म्हणजे आतला सगळा डेटा सरकवावा लागतो, त्याला तासन्‌तास लागतात आणि मध्ये लाईट गेली तर इकडचंही नाही, तिकडचंही नाही. त्यापेक्षा कुणाची तरी बाहेरची डिस्क उसनी आण, गेम तिकडे काढ, मग निवांत फॉरमॅट कर.

आणि त्याआधी, हात जोडून, स्मार्टसीटीएल ही डिस्कची तब्येत सांगणारी कमांड चालव. २०१७ ची डिस्क आहे. ५, १९७ आणि १९९ या तीन ओळी इथे टाक.

खांडेपारकर
शेजारी लग्नाचे फोटो काढतो, त्याने ५०० जीबीची बाहेरची डिस्क दिली. पण कॉपी करताना काही मोठ्या फाइल्सना नकार मिळतो.

टर्मिनलतात्या
एफएटी३२ असणार. तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. त्याची डिस्क रिकामी असेल आणि तो हो म्हणाला तर एक्सफॅट कर. शेजाऱ्याला विचारून हं. लग्नाचे फोटो गेले तर लग्न परत लावता येत नाही.

खांडेपारकर
विचारलं, रिकामीच होती, केली. आता कॉपी चालू आहे, पण नवीनच रडगाणं. थोडा वेळ ११० एमबी वेगाने जाते, मग एकदम शून्य, अर्धा मिनिट सगळं थिजतं, परत सुरू. आता आठवतंय, विंडोजवर पण गेम असाच मध्ये मध्ये अडकायचा.

माटोळी, तुमच्या ओळी: ५ शून्य, १९७ शून्य, १९९ – १३८७.

अंत्रुज
डिस्क गेली. नवी घ्या.

माटोळी
अंत्रुज, थांब जरा. डिस्क जात असती तर ५ किंवा १९७ वाढले असते. ५ म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे, निकालाची वाट बघणारे. दोन्ही शून्य. १९९ म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या वाटेत डेटा खराब पोचला, म्हणून परत मागवावा लागला. संशय केबलवर, किंवा तिच्या दोन टोकांवर.

डीमेसेजमध्ये (सिस्टीमच्या नोंदींत) 'हार्ड रिसेटिंग लिंक' अशा ओळी आहेत का बघ. आणि १९९ चा आकडा लिहून ठेव. तो कधीच कमी होत नाही, मागचा सगळा हिशेब त्यात राहतो. वाढायचा थांबला की समजायचं सुटलं.

भिवपाची गरज ना
आमच्या शिरोड्याच्या घरी, खाडीपासून दोनशे पावलांवर, सगळ्या पीसींना हाच आजार. खारी हवा, चार महिने दमट. कनेक्टरचे पिवळे दात काळे पडतात. केबल काढून पुन्हा घट्ट बसवली तरी महिना-दोन महिने चालतं. मी तर दर सांजावाला विहिरीत उडी आणि दर सांजावाला केबल साफ, असं ठरवून टाकलंय.

एकदा कॅबिनेट उघडलं तर पॉवर सप्लायमध्ये मुंग्यांनी वारूळ केलेलं. ऊब असते ना.

बिनधास्त म्हापशेकर
त्यांना पण घर हवं. ७७७ दे.

सीताफळ
पुण्यात बसून हे वाचताना मौज वाटते. आमच्याकडे फक्त धूळ. अवांतर: अकरावीत सायबरएज योजनेतला कॉम्प्युटर मिळालेलं कुणी आहे का इथे? माझ्या डिचोलीच्या मावसभावाला मिळाला होता. सुट्टीत गेलो की आम्ही त्याच्यावर फक्त पत्ते खेळायचो.

टर्मिनलतात्या
सीताफळ, त्यावर वेगळा धागा काढ, मी चार पानं लिहीन. इथे नको.

खांडेपारकर
फोंड्याला तिस्कावरून नवी साटा केबल आणली, १२० रुपये. जुनी काढताना तिची क्लिपच हातात आली. मदरबोर्डवर दुसऱ्या पोर्टमध्ये लावली. मुंग्या नव्हत्या, एक मेलेली पाल होती. उरलेली कॉपी एका दमात झाली. १९९ आता १४१२, म्हणजे जुन्या केबलने जाता जाता अजून २५ चा टोला दिला.

डिस्क आता रिकामी करायला तयार आहे. फॉरमॅटनंतर काय काय, एकदा नीट सांगाल का?

टर्मिनलतात्या
एकदाच सांगतो, सावकाश वाच.

ईएक्सटी४ कर. मग 'ट्यून२एफएस, मायनस एम शून्य'. ईएक्सटी४ मुळात ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवते. सिस्टीमच्या डिस्कवर ते शहाणपणाचं, पण नुसत्या गेमच्या १ टीबीवर पन्नास जीबी फुकट जातात.

'एलएसबीएलके मायनस एफ' मारून डिस्कचा यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख-आकडा, घे. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठली डिस्क कुठे बसवायची त्या यादीत) एसडीबी१ असं नाव लिहू नकोस, ती नावं बदलू शकतात. आज 'बी' असलेली डिस्क उद्या पेनड्राइव्ह लावून सुरू केलीस तर 'सी' होईल. ओळ अशी: यूयूआयडी=तुझा आकडा, /एमएनटी/गेम्स, ईएक्सटी४, डिफॉल्ट्स स्वल्पविराम नोफेल, ०, २. लिहून झालं की मशीन बंद करायच्या आधी 'सूडो माउंट मायनस ए'. चूक असेल तर बहुतेक तिथेच बोंब होईल.

मग डिस्क बसलेली असताना चोन. आता ते लागेल, सीताफळ. आधी नाही, नाहीतर खालच्या फोल्डरची मालकी बदलत बसशील.

'यूझर' हा पर्याय कुठल्या व्हिडिओत दिसला तर टाकू नकोस. त्याच्यासोबत 'नोएक्झेक' आपोआप येतं, म्हणजे डिस्कवरचा कुठलाही प्रोग्राम चालवायला बंदी. लिनक्ससाठीच बनलेले गेम मग सुरूच होणार नाहीत, आणि तू परत इथे येशील.

दोडामार्ग डायरीज
'नोफेल' विसरू नको रे. मी विसरलो होतो. एकदा केबल सैल झाली, डिस्क दिसली नाही, मशीनने दीड मिनिट वाट बघितली आणि काळ्या पडद्यावर 'इमर्जन्सी मोड'. आई शेजारी उभी होती. इमर्जन्सी हा एवढाच शब्द तिला वाचता आला. मला घेऊन ती डॉक्टरकडे निघणार होती की कॉम्प्युटरला, ते अजून कळलेलं नाही.

पावसाळी बेडूक
गेम परत ठेवताना नुसतं 'कॉमन' फोल्डर हलवू नका, शेजारच्या 'अ‍ॅपमॅनिफेस्ट' फाइल्सही हव्यात. नाहीतर स्टीमला गेम दिसतच नाहीत. हलवल्यावर प्रत्येकाची 'व्हेरिफाय' करा. ज्या गेमची लिनक्स आवृत्ती आहे तो मात्र परत उतरायला लागेल. तो टाळायचा तर गेमच्या कॉम्पॅटिबिलिटीत प्रोटॉन सक्तीने निवडा.

भिवपाची गरज ना
आणि स्टीम फ्लॅटपॅकचं (स्वतःच्या बंद डब्यात चालणारं) असेल तर त्याला /एमएनटी दिसतच नाही, फ्लॅटसीलमधून परवानगी द्यावी लागते. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये दोन्ही असतात, कुठलं टाकलंय ते बघ.

खांडेपारकर
साधंच आहे, फ्लॅटपॅक नाही. बसतो आता.

खांडेपारकर
चाललं! सगळं केलं, चॅटरसकट. तीन वेळा रीस्टार्ट केलं, लायब्ररी जागच्या जागी. अकरापैकी दहा गेम उघडले. एकाला जुनं प्रोटॉन द्यावं लागलं. बाबा विचारत होते, एवढं काय ओरडतोस, डिस्क म्हणजे काय लॉटरी?

अंत्रुजबाब, तुमचं फॉरमॅट शेवटी झालंच.

अंत्रुज
मी काही बोललो नाही.

सीताफळ
अभिनंदन! आता सांग, चवथीला भावाबरोबर खेळणार काय?

खांडेपारकर
व्हॅलोरंट. तो दुसरं काही खेळतच नाही. ते स्टीमवर नाही ना, कसं टाकायचं ते बघायचंय अजून.

दोडामार्ग डायरीज
🤦

माटोळी
अरे देवा. हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंस.

टर्मिनलतात्या
राजा, खुर्चीवर बसून वाच. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. डिस्क कुठली, फाइल सिस्टीम कुठली, याचा संबंध नाही. त्याचं खेळातली लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर (अँटी-चीट), व्हॅनगार्ड, विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, जाऊन बसतं. वाइनमध्ये विंडोजचं कर्नल नसतंच, मग ते बसणार कुठे? इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरांनी २०२१ मध्ये प्रोटॉनची सोय केली, पण तीही गेम बनवणाऱ्याने चालू केली तरच. व्हॅनगार्डची तशी सोय नाही.

गेम घेण्याआधी तो लिनक्सवर चालतो का ते प्रोटॉनडीबी या साइटवर आणि ऑनलाइन गेम असेल तर अँटी-चीटच्या यादीत बघायची सवय लाव.

बिनधास्त म्हापशेकर
भाऊ मुंबईहून कर्नल घेऊन येईल.

भिवपाची गरज ना
काउंटर-स्ट्राइक २ दे त्याला. थेट लिनक्सचा आहे, फुकट आहे. नाक मुरडेल, पातोळ्या खाऊन गप्प होईल.

खांडेपारकर
फोन केला. दहा मिनिटं हसला. मग म्हणाला, लॅपटॉप आणतो, व्हॅलोरंट तू त्याच्यावर बघ, काउंटर-स्ट्राइक मी तुझ्यावर बघतो. तो उतरायला लावलाय. दोन वेळा लाईट गेली, पण /एमएनटी/गेम्स मध्येच उतरतोय, खात्री केली.

माटोळी
१९९?

खांडेपारकर
१४१२. काल पण १४१२.